पहिली मोटारसायकल घेताना: मराठवाड्यातल्या शिकाऊ पोरापोरींसाठी

बारावीचा निकाल लागला की घरात गाडीचा विषय निघतो. कॉलेज तालुक्याला, गाव फाट्यापासून आत, आणि एस.टी.ची वेळ कॉलेजच्या वेळेशी जुळत नाही. पोराच्या मनात एक गाडी असते, बापाच्या हिशोबात दुसरी, आणि शोरूमवाला तिसरीच गळ्यात घालायला बसलेला असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिली गाडी ही शिकायची गाडी. ती पडणार, घासणार, बंद पडणार. म्हणून ती हलकी असावी, बुटकी असावी, आणि गावातल्या मिस्त्रीला उघडून परत जोडता येईल अशी असावी. बाकीची हौस दुसऱ्या गाडीवर भागवा. गाडी कशी निवडायची ते आता क्रमाने बघू.

आधी लायसन

अठरा पूर्ण नसतील तर हे वाचून ठेवा आणि थांबा. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. अ‍ॅक्टिव्हा ११० सीसीची आहे, ती त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. ‘शेतापर्यंतच तर जातोय’ ही सबब तिथे चालत नाही. आईवडिलांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

शिकाऊ लायसनचा अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर होतो. आधारने ओळख पटवली की परीक्षाही घरी बसून देता येते. हे लायसन सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. अर्ज भरताना ‘गिअरची मोटारसायकल’ हाच प्रकार निवडा. टेस्टला आठचा आकडा काढायला सोपा जातो म्हणून पुष्कळ जण स्कूटीवर टेस्ट देतात. मग लायसनही बिनगिअरचंच हातात येतं, आणि नंतर मोटारसायकल चालवताना ते असून नसल्यासारखं.

शिकाऊ असेपर्यंत गाडीला पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा. मागे कुणी बसायचं तर शिकवणारा, लायसन असलेला माणूसच. मित्राला घेऊन तुळजापूरला जायचा बेत पक्क्या लायसनपर्यंत पुढे ढकला.

हे सगळं गाडी घेण्याआधी करा. शिकायला घरची, काकाची किंवा शेजाऱ्याची जुनी गाडी घ्या आणि सकाळी शाळेच्या मैदानावर चालवा. महिनाभर तिच्यावर हात बसला की आपल्याला काय झेपतं ते आपोआप कळतं, आणि शोरूममध्ये तुम्ही वेगळे प्रश्न विचारता.

आपला रस्ता कागदावर मांडा

गाडी बघायला जाण्याआधी एका कागदावर लिहा: रोज किती किलोमीटर, त्यातला कच्चा रस्ता किती, हायवे किती, रात्री यायचं आहे का, मागे कोण बसणार, आणि सामान काय न्यायचं. दुधाचे कॅन आणि कॉलेजची बॅग यांना वेगवेगळ्या गाड्या लागतात.

आपल्याकडे काळी माती आहे, आणि हा मुद्दा जाहिरातीत कधी येत नाही. पावसाळ्यात गाडीवाटेने शंभर पावलं गेलात की गारा मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसतो आणि पुढचं चाक जाम होतं. मग काडी घेऊन माती कोरत बसायचं. पुढचं मडगार्ड टायरला चिकटून असलेल्या स्पोर्टी गाड्यांवर हे लवकर होतं. साध्या गाडीत मध्ये जागा जास्त असते. शोरूममध्ये मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोटं घालून बघा. सेल्समन हसेल, हसू द्या. उन्हाळ्यात त्याच वाटेवर फुफाटा उडतो आणि एअर फिल्टर भरतो. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर तो साफ करावा लागतो. म्हणून तो सहज निघतो का, हेही विचारा.

रस्ता हायवेचा असेल तर हिशोब बदलतो. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, बीड, संभाजीनगर करत धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५२ वर रोज पंधरा-वीस किलोमीटर जायचं असेल, तर शंभर सीसीची गाडी पंचावन्न-साठच्या वेगावर निवांत असते. मागून ट्रक दाबत आला की मात्र तिच्याकडे राखीव दम उरत नाही. अशा रस्त्याला १२५ बरी. आणि ‘समृद्धीवर पळवायला मोठी गाडी पाहिजे’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा, समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे.

ऊसपट्ट्यात राहत असाल तर आणखी एक गोष्ट. गाळपाच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे ना लाइट असतो ना रेडियम. तुमच्या गाडीचा हेडलाइट कसा आहे, हे अंधार पडल्यावर बघा. दुपारी शोरूममध्ये सगळेच दिवे लखलखीत दिसतात.

गाडी अंगाला बसते का

इथे घाई करू नका. सीटवर बसा आणि दोन्ही पाय खाली टेकवा. शिकाऊ माणसाचे दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. नुसती बोटं टेकली तर वाळूवर, उतारावर किंवा मागे माणूस असताना तोल जातो. आकडे सांगायचे तर स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, शाइन १०० ची ७८६, रेडर १२५ ची ७८०, प्लॅटिना १०० ची ८०७. प्लॅटिना चांगली गाडी आहे, अ‍ॅव्हरेजला तर तोड नाही, पण पाच फूट दोन इंचाच्या मुलाला किंवा मुलीला ती सुरुवातीला उंच वाटते. सीट रुंद असेल तर उंची कमी असूनही पाय फाकतात आणि पोचत नाहीत. म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा बसून बघणं खरं.

मग वजन. शाइन १०० चं वजन ९९ किलो, स्प्लेंडरचं साधारण ११२, रेडरचं १२३, पल्सर १२५ चं १४० च्या आसपास. क्लासिक ३५० चं १९५. स्प्लेंडर आणि या क्लासिकमधला फरक म्हणजे मागे सतत एक मोठा माणूस बसवून फिरण्याएवढा. शोरूमवाल्याला विचारून या चार गोष्टी करा. सीटवर बसून पायाने गाडी मागे ढकला. खाली उतरून हँडल धरून, पंक्चर झाल्यासारखी, वीसेक पावलं चालवा आणि वळवा. एकट्याने डबल स्टँडवर चढवा. दोन्ही हातांची बोटं क्लच-ब्रेकच्या लिव्हरपर्यंत सहज जातात का बघा. यातलं एक जरी जमलं नाही तर ती गाडी पहिली म्हणून घेऊ नका. पंक्चरचं दुकान पाच किलोमीटरवर असतं आणि गाडी ढकलायला सेल्समन येत नाही.

मुलींना दाखवताना दुकानदार गुपचूप स्कूटीकडे वळवतो. तुम्हाला गिअरची हवी असेल तर गिअरचीच बघा. पाय टेकणं, वजन, लिव्हर हे निकष सगळ्यांना सारखेच आहेत.

गिअरचा क्रमही बघा. स्प्लेंडरसारख्या चार गिअरच्या गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात. पाच गिअरच्या बऱ्याच गाड्यांत एक खाली, बाकी वर. ज्या गाडीवर शिकलात तिच्यापेक्षा क्रम उलटा असेल तर पहिला आठवडा गर्दीत जाऊ नका.

सीसी किती?

गाव ते तालुका, मिश्र रस्ता, रोज तीसेक किलोमीटर: १०० ते ११० सीसी. हायवे जास्त, मागे रोज माणूस, मांजरसुंब्यासारखा किंवा कन्नडच्या औट्रमसारखा घाट वाटेत: १२५. याच्या वर पहिल्या गाडीत जाऊ नये, असं मी म्हणेन. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून ए.बी.एस. बंधनकारक आहे, ही त्यांच्या बाजूची जमेची गोष्ट. करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. पण त्यासोबत जास्त वजन आणि जास्त ताकद येते, आणि शिकाऊ हाताला ॲक्सिलेटर हळू पिळायची सवय नसते. लहान गाड्यांत सी.बी.एस. असतं: मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. १२५ घेतलीत तर दोन हजार वाचवण्यासाठी पुढचा डिस्क सोडू नका.

बजाजची फ्रीडम १२५ ही सी.एन.जी.ची मोटारसायकल जुलै २०२४ मध्ये आली. खर्चाला स्वस्त वाटते, पण सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, गाडी जड आहे, आणि तुमच्या वाटेवर सी.एन.जी.चा पंप आहे का हा प्रश्न आधी. पंपासाठी उलटं पंधरा किलोमीटर जायचं असेल तर ती बचत रस्त्यातच संपते.

आणि सर्वांत महत्त्वाचं: तुमच्या फाट्यावरच्या मिस्त्रीला जाऊन विचारा, “काका, कोणत्या गाडीचं सामान तुमच्याकडे कायम असतं?” तो ज्या दोन-तीन गाड्यांची नावं घेईल त्यातलीच एक घ्या. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. संभाजीनगर-जालना भागात तिथे काम केलेला एखादा नातेवाईक सापडतोच, त्यालाही विचारा. क्लचची वायर तुटली आणि ती जिल्ह्याच्या शोरूममधूनच आणावी लागत असेल, तर दिवसाचा रोजगार किंवा पेपर बुडतो.

पैशाचा हिशोब

शोरूमच्या किमतीकडे बघू नका, ‘ऑन रोड’ किती ते लेखी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुनं दरपत्रक दाखवलं तर नवं मागा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीसाठी तो ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये होता, वर कर वेगळा. सीसी वाढली की विमा असा वाढतो. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरून दर काढा, मग बोला. लेगगार्ड घ्या, साइड स्टँड-सीट कव्हरसारख्या ‘किट’ची यादी वाचून नको ते काढायला लावा, आणि ‘हँडलिंग’च्या नावाखाली पैसे मागितले तर कशाचे ते पावतीवर लिहून मागा.

हप्त्यावर घेणार असाल तर एकच शब्द लक्षात ठेवा: फ्लॅट. “दहा टक्केच व्याज आहे, भाऊ” असं सांगतात. ८० हजारांचं कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २४ हजार. ३६ हप्ते, प्रत्येकी साधारण २,८९० रुपये. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८० हजारांवर लागतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मांडलं तर हे व्याज जवळपास अठरा टक्के पडतं. आधी बँकेत किंवा पतसंस्थेत विचारा आणि दोन्हीकडचे एकूण भरायचे पैसे शेजारी शेजारी लिहा.

पेट्रोलचं सोपं आहे. महिन्याला हजार किलोमीटर होत असतील, तर साठचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला सतरा लिटर लागतं, पंचेचाळीस देणारीला बावीस. लिटर १०५ धरलं तर फरक ५८० रुपयांच्या आसपास. परभणीकरांना तर पेट्रोलच्या दराबद्दल मी काय सांगावं!

एवढा हिशोब करून खिशाला ओढ बसत असेल, तर विद्यार्थ्यांचा एस.टी. पास ६६ टक्के सवलतीत मिळतो. सहा महिने पासवर काढून पैसे साठवणं यात कमीपणा नाही.

नवी की जुनी

मी जुनीच सुचवतो. तीन-चार वर्षं वापरलेली शंभर किंवा सव्वाशेची गाडी पडली तरी जीव कळवळत नाही, आणि दोन वर्षांनी विकली तर फार तोटा नाही. १ एप्रिल २०२० नंतरची असेल तर बी.एस. ६ म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, आणि बहुतेक वेळा फ्युएल इंजेक्शनची असते. त्याआधीची कार्बोरेटरची गाडी कोणताही मिस्त्री झाडाखाली बसून दुरुस्त करतो, हाही एक फायदाच आहे.

बघायला सकाळी जा आणि गाडी थंड असताना चालू करायला सांगा. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवली होती, का ते विचारा. सेल्फवर घ्या, किकवरही घ्या. सायलेन्सरमधून निळा धूर येत राहिला तर गाडी ऑइल खाते. मिस्त्री त्याला हाफ इंजिनचं काम सांगेल आणि खर्च हजारांत जाईल. काळा धूर त्यामानाने किरकोळ असतो.

नंतर चेन. बैल घेताना दात बघतात तसे चेन सॉकेटचे दात बघा: टोकदार आणि एका बाजूला वाकलेले असतील तर सेट बदलायला आला. मागच्या सॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तरी तेच. डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. पुढच्या शॉकअपवर ऑइलचे ओघळ आहेत का बघा.

गाडी पडली आहे का, हे रंगावरून कळत नाही, रंग नवा मारता येतो. लिव्हरची टोकं, फूटरेस्टची कड, हँडलची बाजू, सायलेन्सरची खालची बाजू बघा. एका अंगाला सगळं घासलेलं असेल तर त्या अंगावर पडली. थोडं घासलेलं चालतं. पण सरळ रस्त्यावर चालवताना गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा मागच्या माणसाला दोन्ही चाकं एका रेषेत दिसत नसतील, तर चहाचे पैसे देऊन परत या.

मीटरवर विश्वास ठेवू नका. पंधरा हजार किलोमीटर दाखवतोय आणि फूटरेस्टचे रबर, गिअरचा पाय, सीटचं कव्हर गुळगुळीत झालंय, तर मीटर खोटं बोलतंय. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते: ३२२३ म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी सहा-सात वर्षांचा कडक टायर पावसात घसरतो.

शेवटी आपला मिस्त्री न्या. दोनशे-तीनशे रुपये आणि नाश्ता, यापेक्षा स्वस्त विमा नाही. विकणाऱ्याचा मिस्त्री मात्र नको.

कागद

चॅसिस नंबर गाडीवर शोधा आणि आर.सी.शी, म्हणजे नोंदणीच्या कागदाशी, आकडा न् आकडा जुळवा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा आहे का आणि फायनान्सचा बोजा आहे का ते दिसतं. थकलेली ई-चलानं वेगळी तपासा, नाहीतर दुसऱ्याने मोडलेल्या सिग्नलचे पैसे तुम्ही भराल. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी पुण्याच्या एम.एच. १२ पासिंगची किंवा आपल्याच शेजारच्या जिल्ह्याची असेल, तर तुमच्या आर.टी.ओ.त आधी विचारा की तिकडून काय काय आणायचं. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का आहे, हे त्यातच कळतं.

‘नावावर नंतर करू’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला त्याच्याच फायद्याचं सांगा: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचं नाव, कायद्याने तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. हे ऐकल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी स्वतः सही करायला येतो. विमाही चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या.

हेल्मेट गाडीच्या पैशातच धरा

रस्त्याच्या कडेला चादरीवर मांडलेलं दोनशेचं हेल्मेट घेऊ नका. आय.एस.आय.चा शिक्का आणि त्यावर आय.एस. ४१५१ हा क्रमांक पाहिजे. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा बांधून पुढे-मागे हलवलं तर डोक्याची कातडी सोबत हलली पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला डोकं शिजतं, म्हणून हवा खेळणारं आणि आतलं अस्तर काढून धुता येणारं बघा. खाली सुती रुमाल बांधा. काळी काच रात्री काढावी लागते, म्हणून साधीच घ्या. चप्पल घालून गिअर टाकणं सगळेच करतात, पण शिकताना बूट घाला. पहिल्यांदा गाडी पायावर येते तेव्हा फरक कळतो.

पहिला महिना

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी घ्या. दोन्ही किल्ल्या, आर.सी.ची पावती, विमा, टूलकिट मोजून घ्या. हॉर्न, इंडिकेटर, मागचा ब्रेकलाइट (दोन्ही ब्रेकवर लागतो का) तपासा.

पहिल्या आठवड्यात एकच सराव: मोकळ्या डांबरी रस्त्यावर तीसच्या वेगाने येऊन दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबायचे. गावाकडे ‘पुढचा ब्रेक दाबला की पलटी होतो’ असं शिकवतात, आणि पोरं आयुष्यभर मागच्यावरच भागवतात. थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. वळणावर किंवा वाळूत तो झटक्याने दाबू नका, एवढंच. मग तोच सराव मागे जड माणूस बसवून करा, पक्कं लायसन आल्यावर.

नवी गाडी पहिले हजार किलोमीटर ताणू नका, आणि एकाच वेगात तासभरही चालवू नका. चेनचा ढिलेपणा मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर असावा. पावसाळ्यात दर आठवड्याला माती धुऊन ऑइल द्या. हवेचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, मागे माणूस असला की मागच्या चाकात तो वाढतो. पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी सोडून घरी जाऊ नका. जुनं ऑइल निघताना आणि नवं ओतताना शेजारी उभे राहा आणि मिस्त्रीला क्लच-ब्रेकची फ्री प्ले, म्हणजे लिव्हरचा मोकळा ढिलेपणा, कशी लावायची ते विचारून घ्या. ते एकदा समजलं की पुढच्या वेळी तुमच्याच पान्याने घरी होतं.